दोर

नारिनच्या शाळेत व्यायामशाळेचा दोर
छताच्या कडीला लटकतो. सहा मीटर.
खाली जुनी गादी, शिवण उसवलेली.
काचेवर आतून बर्फ.

एर्मेक चढतो मांजरासारखा.
वर पोचला की कडीला टप्पल मारतो
आणि खाली बघतो :
कोण बघतंय, किती जण.
परवा सगळे सेझिमच्या नाकातलं रक्त थांबवत होते,
तर हा अर्ध्यातूनच घसरत आला.
"हात दुखतोय, आगाय."

जिबेकचे बूट दर गुरुवारी घरी राहतात.
कधी डावा, कधी दोन्ही.
आईची चिठ्ठी असते सोबत,
शाईचे डाग जिबेकच्या बोटांवर.
मी विचारत नाही.
पडलं की लागतं ते गादीचं नव्हे,
गादीभोवतीच्या पंचवीस तोंडांचं.
मीही एक अख्खा हिवाळा
पोटदुखीत काढलाय.

आणि उलान.
दोन हात चढतो, लोंबकळतो, उतरतो,
दोरालाच विचारतो, "पाय आधी की हात आधी?"
पुन्हा चढतो. घंटा होऊन गेलेली असते.
याला नेमकं काय हवंय, मी घरी बोललो,
तर कणीक मळता मळता बायको म्हणाली,
"दोर हवाय त्याला. दुसरं काय?"

जिल्ह्याहून तक्ता आला : किती मीटर, किती सेकंद,
उतरत्या क्रमाने नावं.
मी भरला. एर्मेक वर, उलान तळाला,
जिबेकपुढे रेघ.
एकही आकडा खोटा नव्हता,
तरी पाकीट चिकटवताना जीभ कडू झाली.

मग लोकरीचे धागे आणले, प्रत्येकाला एक रंग.
जो जिथवर पोचेल तिथे
मी शिडी लावून गाठ मारायची,
पुढच्या वेळी सोडून वर न्यायची.
उलानचा तपकिरी धागा
महिन्यात वीतभर सरकला.
तो रोज वीत मोजतो, स्वतःच्याच हाताने,
आणि हातही वाढतोय, हे त्याच्या लक्षात नाही.
एर्मेकचा निळा पहिल्याच दिवशी कडीला टेकला.
"आता काय, आगाय?"
मला उत्तर सुचलं नाही. अजून नाही.
पिवळा खणातच राहिला.

सोमवारी शेगडी पेटवायला लवकर आलो.
दोरावर, माझ्या खांद्याच्या जरा वर, पिवळा धागा.
गाठ वेडीवाकडी,
एका हाताने लोंबकळत
दातांनी ओढून बांधलेली.

गुरुवारी बूट पुन्हा घरी.
मी रेघ मारली.
चिठ्ठी देऊन झाल्याबरोबर
तिने तळहात पाठीमागे लपवले.