दोन विटांची पायरी

मागच्या दाराशी फक्त दोन विटांची पायरी.
पन्नास वर्षं मी ती उतरले,
कमरेवर ओल्या कपड्यांची टोपली, तोंडात चिमटे,
एकदाही खाली न बघता.
आता एमलिनच्या खुर्चीची चाकं
तिथं येऊन थांबतात,
आणि तो अंगणाकडे बघतो
बंद दुकानाच्या काचेतून बघावं तसा.

मग अंगणच वर उचलू, मी म्हटलं.

बँगरहून एक पोरगा आला. टेप लावली,
बुटाच्या टोकानं भिंत ठोकली.
दोन दिवस, म्हणाला. काँक्रीट थेट दाराला भिडवतो,
भिंतीला काळं फासतो, की झालं.
आकडा स्वस्त होता.
मी जवळजवळ हो म्हणाले होते.

नंतर तेगविन आला, गुडघ्यांवर रबरी वाट्या बांधून.
त्यानं काही मोजलं नाही.
भिंतीपाशी बसला, चाकूनं
दोन थरांमधला चुना खरवडला
आणि मला खाली वाकायला लावलं.
विटांच्या मध्ये एक निळी-काळी रेघ,
दोन नखं जाड.
पाटीचा दगड.
"जमिनीची ओल वर चढते ती इथवरच.
अंगण हिच्या वर गेलं, की पाण्याला
भिंतीत शिरायला तूच शिडी लावून दिलीस."

मला ठाऊक होतं ती रेघ कुणाची.
एकाहत्तर साली हे स्वयंपाकघर बांधलं तेव्हा
एमलिननं खाणीतून आणलेला दगड
शनिवारी दुपारी इथंच बसून फोडला होता,
एका दगडाच्या आठ पाट्या,
चिकटलेली पानं सुटावीत तशा.
मी एकेक गवंड्याच्या हातात देत होते,
पोटात नेरिस, सातवा महिना.
इतकी देखणी वस्तू भिंतीत पुरतात,
याचा मला तेव्हा राग आला होता.

"अंगण उचलू," तेगविन म्हणाला,
"पण भिंतीला शिवू द्यायचं नाही.
मध्ये फट ठेवायची, जुन्या जमिनीपर्यंत खोल,
तळाला नळी, वर खडी.
फरशीचा उतार घराकडे पाठ करून.
आणि ही जाळीची वीट बुजवायची नाही हं,
आतल्या लाकडी जमिनीचं नाक आहे ते."
"फट केवढी?" मी विचारलं.

एमलिन दारात होता.
मार्चपासून त्याला शब्द सापडत नाहीत,
सापडले तर भलतेच.
त्यानं डावा हात उचलला, बोटं ताणली:
एक वीत.
तेगविन हसला. "एवढ्यात तू खुर्चीसकट जाशील, मित्रा."
एमलिननं विचार केला.
अंगठा आत दुमडला, बोटं जुळवली.
चार बोटं.
तेगविननं पेन्सिलीनं तेवढंच आखलं
आणि दारापुढे लोखंडी जाळी टाकली.

नऊ दिवस लागले.
दोनदा पावसानं काम थांबवलं,
एकदा तेगविनच्या बहिणीच्या अंत्यविधीनं.
पैसे बँगरच्या पोराच्या दुपटीला जरा कमी.

डिसेंबरात एका रात्री
छपरावर कोणी खडे ओततंय असा पाऊस.
मी नाइटगाउनवर कोट चढवला, टॉर्च घेतला,
फटीशी उकिडवी बसले.
फरशीवरचं पाणी हिरवळीकडे पळत होतं.
भिंतीवरून ओघळणारं
खडीत शिरून खाली कुठं तरी गुळगुळ करत होतं.
आणि त्याच्या वर, टॉर्चच्या गोलात,
ती रेघ. तिच्यावरची वीट कोरडी नव्हती,
बाहेरून कशी असेल?
म्हणून आत येऊन बटाट्यांची टोपली सरकवली,
मागच्या कोपऱ्यात कागदाला तळवा लावला.
थंड. पण कोरडा.
तरी दुसरा तळवाही लावून बघितला.

सकाळी भांडी घासताना
जाळीवर खडखड ऐकू आली.
वळून बघते तर खुर्ची जागेवर नाही.
एमलिन अंगणाच्या टोकाला,
भुरभुर पावसात, डोक्यावर टोपी नाही,
शेजाऱ्यांच्या मांजराशी काहीतरी बोलतोय.
ते ऐकूनही घेतंय.

अर्ध्या तासानं तो परतला.
उंबऱ्यावरून टेबलापर्यंत
दोन लांब ओल्या रेघा.
"चाकं पुसून येत जा!" मी ओरडले,
बुटांवरून पन्नास वर्षं ओरडले
त्याच आवाजात.