अर्धा जिना

टोपली भरून झाली.
तूरडाळ दीड किलो, पोहे जाड,
आगळ, नसेल तर बदली काही नको असं बजावून,
पाच किलो कोलम, भांड्यांचा साबण
आणि कोथिंबीर, जी शंभर ग्रॅम आहे असं फोन म्हणतो.
मग खाली दोन गोल येतात.
घरपोच.
स्वतः येऊन न्या.
दोन्ही रिकामे.

कुंदाताई चष्मा कपाळावर सरकवून हिशेब घालते.
घरपोचचे पस्तीस. आपण गेलो तर फुकट.
फुकट कसं, रिक्षाचे सव्वीस जायचे, सव्वीस यायचे.
चालत जाऊ.
पाच किलो तांदूळ घेऊन?
पूर्वी नेत होतोच की.
पूर्वी आम्ही बरंच काही नेत होतो.
आईला नेलं होतं, खुर्चीत बसवून, चार मजले खाली,
दोघींनीच,
वाटेत एकदाच थांबून.

खरं तर तिला दाणा तोंडात टाकून बघायचाय,
गहू ओंजळीत घेऊन फुंकायचेत, भाव करायचाय.
पण तिथंही आता तसं नाही गं.
तिथंही पिशवी आधीच बांधून ठेवलेली,
वर चिकटवलेलं आपलं नाव, अर्धंच छापलेलं : मंदाकि.
नंबर दाखवायचा, उचलायची.
आतलं कुणी निवडलं, कुठल्या हातानं, कुणाला विचारणार?

मला घरपोच हवं. कारण मी सांगत नाही.
बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून
आकडे ऐकले मी,
वर्ध्याचे, वेंगुर्ल्याचे, रात्री अडीचला घाबरलेले आकडे.
आकडा सांगतानाच कळायचं, कुणाकडे काय झालंय.
आता आठवड्यातून एकदा
कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं, ओटीपी सांगा.
मी चार आकडे सांगते, सावकाश.
पस्तीस रुपयांत एवढं परवडतं मला.

वरचा गोल दाबला. तो निळा झाला.
ताईनं आत जाऊन कुकर लावला, जरा जोरातच.

पावणेसातला फोन.
मॅडम, कन्नमवार नगर, बिल्डिंग सापडली,
पण लिफ्टवर पाटी आहे.
तीन आठवडे आहे ती पाटी.
विसरलेच होते, मी म्हटलं.
विसरले नव्हते.
खाली येता का?
श्वासावरून ओळखलं, त्याचा आजचा हा पहिला जिना नव्हे.
म्हटलं, तू दोन चढ, मी दोन उतरते.

दुसऱ्या मजल्यावर शिर्सेकरांच्या चपलांच्या मांडणीपाशी
तो आधीच पोचला होता.
तांदूळ खांद्यावर, बाकी सगळं दोन बोटांवर लोंबतं.
बसू का दोन मिनिटं, म्हणाला, आणि पायरीवर बसला.
मग मीही बसले. गुडघ्यांनी जे म्हणायचं ते म्हटलं.
नाव मोईन. घाटकोपरला, वर टेकडीवर घर.
तिथं घरपोच कोण आणतं रे?
तिथं मीच, तो म्हणाला.

चार आकडे सांगितले. त्यानं पुन्हा विचारले.
पुन्हा सांगितले.

वरून ताईचा आवाज जिन्यातून घरंगळत आला :
आलं का गं?
अर्धं आलंय, मी ओरडले.
मग तिच्या चपला वाजायला लागल्या,
एकेक पायरी, कठडा धरून.
आली ती थेट पिशवीत हात घालून
कोथिंबीर बाहेर काढत, नाकाशी धरत :
कालची आहे ही. दोन रुपये कमी कर.
माझ्या हातात नाही मावशी.
मग कुणाच्या हातात आहे?
तो हसायला लागला. ताई हसली नाही,
पण तिची मान अशी ताठ मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

त्याचा फोन वाजला. पुढची ऑर्डर, टागोर नगर, सहावा मजला.
मी वर ठेवून येतो म्हणत होता,
ताईनं हातानंच त्याला खाली पिटाळलं.

तांदळाच्या पिशवीचा एकेक कान आम्ही धरला.
तिसऱ्या मजल्यावर थांबलो.
एकदाच.