डावा हात मागं

आधी दोनच टोळ्या होत्या.
बुरूजवाले आणि खंदकवाले.
भांडण कशावरून, तर कंधारच्या किल्ल्यात
सीताफळीचं एक झाड होतं
आणि त्या वर्षी त्याला सातच फळं धरली.
(चार मी खाल्ली. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.)

झेंडा, शपथ, सरदार वगैरे नंतरचं.
मुबीन तटावरून पडला, हात मोडला,
गळ्यात प्लास्टर घेऊन तरी लढायला हजर.
मग नागनाथनं फर्मान काढलं :
डावा हात मागं, कमरेवर. सगळ्यांचाच.
दीड महिन्यानं प्लास्टर निघालं.
हात मागंच राहिले.

अनसूयाला दोन्हीकडून नकार,
म्हणून तिनं तिसरी टोळी काढली, पाच जणींची.
हत्यार तुराटी नाही, अंबाडीचा दोर.
लढाईआधी दगडाला ओंजळभर पाणी.
लई पवित्र वाटायचं ते आम्हाला.
तिला घरून पाण्यालाच धाडलेलं असायचं,
कळशीशिवाय ती बाहेर पडणार कशी?

मग बारावी, नांदेड, वीज मंडळ,
बदल्या, चष्मा.

परवा मीटरच्या तक्रारीपायी पुन्हा तिथं.
खंदकाच्या काठाला आठ-दहा लेकरं,
हातात तुराट्या, कमरेला सुतळी,
आणि बाटलीतलं पाणी दगडावर.
"कोण रे तुम्ही?"
"पाणदोरी."
म्हणजे तिसरीनं दोघींना गिळलं
किंवा दोघी हळूच तिच्यात मुरल्या.
सीताफळीचं झाड कुणी ऐकलेलंही नाही.

"हात मागं काहून?"
सगळ्यात बारकं नाक ओढत म्हणालं,
"आमचा पहिला सरदार एकहाती होता.
त्यानं मन्याडच्या पुरात हत्ती अडवला.
दुसरा हात हत्तीनं नेला."

मुबीनचं हैदराबादला टायरचं दुकान आहे.
दोन्ही हात शाबूत, पोट सुटलेलं.
मी नंबर काढला. रिंग जाऊ दिली नाही.

"बाजूला सरा काका. इथं काय करूलालाव?
नाहीतर आमच्यात या."

उजव्या हातात कुणीतरी तुराटी दिली.
डावा तर केव्हाच मागं गेला होता.
बारकं पाठीमागून येऊन बघून गेलं.
"असा नाही," म्हणालं,
"अंगठा आत. मूठ वर, पाठीच्या कण्यावर.
जुनी रीत हाय, चुकवू नका."

मी अंगठा आत घेतला.