दुय्यम माल

बारा वर्षं मी चादरी तपासतो.
तुटका धागा दिसला की खडूची खूण,
आणि चादर बाजूला.
नजर चुकत नाही माझी, मालक सांगतो.

राजमणी विचारायची, "रागावलात का?"
"नाही, दमलोय."
इतक्यांदा हेच म्हणालो
की तिनं विचारणं सोडलं.

काल लाईट गेली. माग थांबले.
साखर पेठ एकदम बहिरी झाल्यासारखी.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास, रोजचाच.
म्हणालो,
"दमलो नव्हतो.
तुझा विड्यांचा बोनस माझ्यापेक्षा जास्त आला,
ते टोचलं."

ती हसली नाही.
"कळलं होतं," म्हणाली.
"तुम्ही खडू कधी उचलताय,
तेवढंच बघत होते."

मग लाईट आली,
आणि आम्ही दोघंही
उगाच भिंतीकडे बघत बसलो.