पंच क्रमांक दोन

काशिनाथ हिरू तरे, वय चोपन्न, धंदा रोपवाटिका,
राहणार ओवळा, घोडबंदर रोड.
हवालदारांनी असं लिहिलं. मी म्हटलं, त्रेपन्न.
ते म्हणाले, चालतं.
मी म्हटलं, मग अंतरंही अंदाजानेच का?
तेव्हा कुठे त्यांनी पेनाला टोपण लावलं
आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

पहाटेचे पाच चाळीस. मी मोगऱ्याला पाणी घालत होतो.
ब्रेक ऐकू आला नाही. आला असता तर मान वर केली असती.
नुसता धप्प आवाज,
टेम्पोतून शेणखताची गोणी पडावी तसा.

रस्ताभर दूध.
दुधात बसलेला एक पोरगा, हेल्मेट अजून डोक्यावर,
स्वतःच्या पायाकडे बघत होता,
कुणाचा तरी पाय इथे विसरून राहिलाय असा.
गाडीतून बाई उतरल्या, एकाच पायात चप्पल,
माझंच चुकलं, माझंच चुकलं,
जो भेटेल त्याला सांगत सुटल्या.

पाच चाळीसला रस्त्यावर कुत्रं नव्हतं.
पाच बेचाळीसला वीस वकील.
एक म्हणतो, दहा हजारांत मिटवा.
एक म्हणतो, पळा बाई, लोक मारतील.
मी म्हटलं, पळू नका, मिटवूही नका.
आधी एकशे आठला फोन.
मग गाड्या हलवायच्या आत फोटो काढा, सगळ्याचे,
खांबाचे, पत्र्याचे, टायरचे, दुधाचेसुद्धा.
चूक कुणाची ते मागाहून बघू.
चूक काय, कुठे पळून जात नाही.

इथे मी चुकलो.

सात वाजता कंत्राटदाराची दोन माणसं आली,
अंगात चकाकती जाकिटं.
मेट्रोच्या खांबापाशी, कटच्या तोंडावर
महिनाभर उघडा आडवा उभा होता जो पत्रा,
ज्याच्याआडून पोरगा बाईंना दिसला नाही
नि बाई पोराला,
त्यावर त्यांनी लाल पट्टी चिकटवली, कोरी करकरीत.
वर दिवा टांगला.
आणि चहाला गेली.

हवालदार म्हणाले, इथे सही करा, वरचं मी भरतो.
माझ्या बापाने एकदा कोऱ्यावर अंगठा दिला होता.
तिथे आता बत्तीस मजले आहेत, खाली पोहायचा तलाव.
म्हटलं, भरा साहेब. मी थांबतो. झाडं कुठे जात नाहीत.

मग माझ्याच टेपने मोजलं,
ज्याने मी वाफे आखतो.
पूर्वेस रोपवाटिका, पश्चिमेस डोंगराकडची मार्गिका,
दक्षिणेस खांब, उत्तरेस दूध.
दूध लिहू नका, म्हणाले. म्हटलं, मग उत्तरेस काय लिहिता?

तीन वर्षांनी ठाण्याच्या कोर्टात बोलावणं आलं.
पोरगा होता, जितेश नाव, उजवा बूट जाड तळाचा.
बाई होत्या, केणी. दोघं एकाच बाकावर,
मधे एक फाईल.
बाईंच्या मोबाइलातला पाच पन्नासचा पत्रा
तोवर कागदावर आला होता, उघडा, बिनपट्टीचा.

विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं,
स्कूटरला वळायचं होतं, हे तुम्हाला कसं कळलं?
तुमच्या पंचनाम्यात तर तसं काही नाही.
नाहीच. तो रकानाच नाही त्यात.

म्हटलं, साहेब, स्कूटर आडवी पडली होती,
इंजिन बंद, चाक वाकडं,
पण तिचा उजवा इंडिकेटर चालू होता.
अँब्युलन्स गेली तरी चालू होता.
मी पंच म्हणून बोलावला गेलो तरी.
मला वळायचंय, मला वळायचंय,
रिकाम्या रस्त्याला सांगत होता.

रंग कोणता?
झेंडूचा, मी म्हटलं.
टंकलेखक थांबला. साहेबांनी मान हलवली.
त्याने नारिंगी लिहिलं.