टिपणं

कंबर कसणे हा वाक्प्रचार
मी गेल्या नोव्हेंबरात सोडून दिला.
डिशवॉशरमधला चमचा काढायला वाकले
आणि तिथेच राहिले,
उघडलेला आणि मिटायला विसरलेला
कंस जसा.

फिजिओ म्हणाला, पिलाटीज करा.
पण शिकवणारा नीट बघून घ्या.
बघून घ्या! कुणाला सांगतोय?
आडनाव टिपणीस.
शेफील्डच्या इस्पितळात सव्वीस वर्षं
नर्सांची सर्टिफिकिटं तपासली मी.
मनिला, कोट्टायम, लागोस;
शिक्क्याची शाई कुठे फुटते
ते मला बोटांनी कळतं.

एक्लसॉल रोडवरच्या पहिल्या स्टुडिओत
निलगिरीचा वास, आरशात आरसा,
आणि बारचा दांडा असा गुळगुळीत
की कावळा बसला तर घसरावा.
टॅबिथा, वय चोवीस,
कणा देवाने फुरसतीत घडवलेला.
कुठे शिकलीस?
ऑनलाइन, दोन वीकेंड.
किती जणांना शिकवून पाहिलंस?
म्हणाली, मी लहानपणापासून नाचते ना.
अगं, मासा पोहतो म्हणून
पोराला कुणी त्याच्याकडे शिकायला पाठवतं का?
हे मराठीत, मनातल्या मनात.
मोठ्याने म्हटलं, लव्हली.
एवढं इंग्रजी मी इथे पक्कं शिकले आहे.

दुसरीकडे भिंतभर फ्रेमा.
मी चष्मा बदलला.
शरीरशास्त्र, साडेचारशे तास, प्रथमोपचार, विमा,
तारखा जिथल्या तिथे.
बारा यंत्रं, बारा बायका,
स्प्रिंगा एका तालात कुरकुरतायत,
मास्तर माइकवर आकडे मोजतोय,
आणि मागच्या रांगेत माझ्याच वयाची एक
दात आवळून
सरकता पाट कसाबसा थोपवतेय.
त्याने तिकडे मान वळवली नाही.
कागद अस्सल होते.
मी डोळे झाकून शिक्का मारला असता.

आणि नको तेव्हा आठवली
माझीच बी.एस्सी.,
अमरावती, एक्याण्णव, प्रथम श्रेणी.
इथल्या बाईंनी ती दिव्यासमोर धरली,
मागून-पुढून पाहिली,
आणि "समकक्ष नाही" म्हणून
टेबलावरून परत सरकवली,
थाळीतलं नको असलेलं वांगं सरकवावं तशी.
मग मीच बसले टेबलाच्या त्या बाजूला.
कागद खोटं बोलतो हे जन्मभर पकडलं.
तो कमीही बोलतो,
त्याची तक्रार कुठे नोंदवतात?

वॉकलीचा चढ. गालिच्यांच्या दुकानावरची खोली.
गेल ओल्ड्रॉइड, साठी उलटलेली,
केस बहुधा घरीच कापलेले.
फ्रेम एकच, तीही जिन्यात, तिरपी.
मी माझे प्रश्न काढायच्या आत
तिने तिचे काढले.
शिंकताना दुखतं का, पायाला मुंग्या येतात का,
बाळंतपणं किती, रात्री कुठल्या कुशीवर झोपतेस,
चाळीस मिनिटं,
पेन्सिलीने लिहून घेत, खोडत, पुन्हा लिहीत.
मग म्हणाली, हात लावू का?
मी हो म्हणेपर्यंत थांबली.
माकडहाडाच्या वर दोन बोटं.
"डावीकडे झुकून बरीच वर्षं काहीतरी वाचलंयस."

फाइलींचं कपाट डावीकडेच होतं.

विचारलं, बरं होईल का हे?
ठाऊक नाही, म्हणाली.
फिजिओचं पत्र आण, मी त्याच्याशी बोलते.
आज काही नको करूया.
पैसेही घेतले नाहीत.

उतरताना जिन्यात फ्रेम सरळ केली.
म्हणजे, वाचली. सवय कुठे जाते.
तास, वर्ष, परीक्षकाची सही,
सगळं होतं, धुळीखाली.

मंगळवार, सव्वादहा.
तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे लागतील.
महागातले घेऊ नकोस, तिने वरून हाक मारून सांगितलं,
खाली गालिचेवाल्याकडे
साडेतीन पौंडाला मिळतात.