लिफ्टसमोरचा कट्टा

नकाशात मी लिहिलं होतं : विरंगुळा केंद्र, २२ बाय १४.
दांडेकर पुलाजवळच्या त्या वस्तीतून
पाडापाडीच्या आदल्या दिवशी
नळकोंडाळ्याची काळी फरशी उचलून आणली,
घागरी ठेवून ठेवून मधोमध झिजलेली.
केंद्रात बसवली. खिडकीशी. पर्वती दिसेल अशी.
फोटोही छान आला.

महिनाभर तिथे कोणी फिरकलं नाही.
म्हातारी माणसं पार्किंगमध्ये,
कुणाच्या तरी स्कूटरवर टेकून,
नाहीतर मीटरच्या पेट्यांपाशी उकिडवी.

शेवटी द्वारकाबाई आल्हाटांनाच विचारलं.
"पर्वती काय, जल्मभर बघितलीय," त्या म्हणाल्या.
"फरशी आणलीस, बरं केलंस. पण तिचं तोंड फिरवलंस.
तिच्यावर बसलं की कळायचं,
कोण कामाला गेलं, कोण रडून आलं,
कुणाच्या पिशवीत आज भाजी नाही."

मी टेप काढली.
त्यांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत सोळा इंच.
मग भिंत फोडली.

कट्टा आता लिफ्टसमोर आहे.
गल्ली आडवी होती, ती उभी राहिली, एवढंच;
माणसं अजून तिच्यातूनच ये-जा करतात.
सातव्या मजल्यावरचे इनामदार चाचा
लिफ्टचं दार सरकलं की आधी विचारतात,
"जागा हाय का?"
कधी कधी नसते.

द्वारकाबाई रोज सकाळी फरशीवर तांब्याभर पाणी ओततात.
झिजलेल्या खळग्यात ते थोडं साचतं.
सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, उतार द्या, मॅडम.
मी म्हणते, बघू.